बाभळीची राख, चाळलेली

सोलापूर शहरात आणि आसपासच्या चार तालुक्यांत जिथं जिथं म्हणून चूल पेटते, तिथल्या राखेवर पहिला हक्क आपला आहे, असं आमच्या दाजींचं प्रामाणिक मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. माणूस एरवी साधा. पान नाही, तंबाखू नाही, राजकारणावर वाद नाही, कुणाच्या लग्नात रुसणं नाही. आमच्या घराण्यात जावई रुसत नाही म्हटल्यावर त्याच्या तब्येतीची काळजी वाटायला लागते. पण दाजींना रुसायला वेळच मिळाला नाही. मांडवात लोक अक्षता टाकत असतात तेव्हा हा गृहस्थ मांडवामागं आचाऱ्याच्या भट्टीपाशी उकिडवा बसलेला असतो आणि विचारत असतो, "लाकडं कशाची म्हनायची ही? बाभळ हाय का चिच?" आचारी बिचारा भाताच्या गडबडीत. तो म्हणतो, "काका, पंगत तिकडं बसलीय." दाजी म्हणतात, "बसू द्या की. मी ह्ये निवल्यावर जातो." 'ह्ये' म्हणजे भट्टी. ती निवायला संध्याकाळ होते. नवरी सासरी जाते, वाजंत्रीवाले जातात, मांडव सुटायला लागतो, आणि आमची अक्का ठेवणीतली साडी नेसून रिकाम्या खुर्च्यांच्या थप्पीशेजारी नवऱ्याचं पोतं भरायची वाट बघत बसलेली असते.

राख ती राख, त्यात काय बघायचंय, असं तुम्ही-आम्ही म्हणतो. दाजींपुढं असं बोलायची सोय नाही. ते चिमूटभर राख घेतात, अंगठ्यानं बोटावर चोळतात, नाकाशी नेतात आणि मग (हे सांगताना मला अजून संकोच वाटतो) जिभेच्या शेंड्यावर ठेवतात. डोळे मिटतात. "बाभळ," असा निकाल देतात. किंवा कपाळाला आठ्या घालून, "ह्येच्यात कुनीतरी खोकं जाळलंय." बाभळीची राख पहिल्या नंबरची. लिंबाची औषधी. चिंचेची जरा उष्ण पण गुणाची. तुराट्यांची हलकी, बायकांच्या कुंड्यांना बरी. दगडी कोळशाची राख म्हणजे निव्वळ चोर, 'दिसायला राख, पन आत काय न्हाय.' आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून चूल पेटवणारा माणूस त्यांच्या लेखी खुन्याच्या खालोखाल. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बायकोनं हौसेनं नवा ओटा दाखवला. दाजींनी चार शेगड्यांच्या त्या गॅसकडं बराच वेळ पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "मेव्हणं, गॅस लई कोरडा. जेवू घालतोय, पन मागं काय ठेवत न्हाय."

हे वेड आलं कुठून, याचं उत्तर अक्काकडं तयार आहे. "पपईनं नादावलं ह्यास्नी," ती म्हणते. दाजी नोकरीला होते चादरीच्या एका कारखान्यात, रंगखात्याच्या बॉयलरवर. पाणी उकळायला लाकडं घालायची आणि राख मागच्या भिंतीपलीकडं फेकायची, हा वर्षानुवर्षांचा क्रम. त्या ढिगात कुणीतरी खाऊन टाकलेल्या बीची पपई उगवली. ना पाणी, ना खत, ना कुणाचं लक्ष. तिनं फळं अशी धरली की त्यातलं एक कॅरिअरला बांधून आणताना सायकलचं पुढचं चाक उचलत होतं, असं दाजी सांगतात. अक्का सांगते, चांगल्या दुधी भोपळ्याएवढं होतं. खरं काय ते दोघांच्या मधे कुठंतरी असावं. पण दाजींना त्या दिवशी साक्षात्कार झाला. इतकी वर्षं आपण पाणी तापवत नव्हतो, खत करत होतो, आणि ते भिंतीपलीकडं फेकत होतो! तेव्हापासून हा माणूस डब्यात भाकरी घेऊन जायचा आणि परत येताना त्याच डब्यात राख घेऊन यायचा. अक्कानं शेवटी डबे वेगळे केले.

निवृत्त झाले तेव्हा कारखान्यात निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल झाली, नारळ झाला, कामगारांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि दोन शब्द बोलायची विनंती झाली. दाजींनी घसा साफ केला. "मला हितं सगळं मिळालं," ते म्हणाले. "आता एकच इच्छा ऱ्हायलीय." सगळे गंभीर झाले. मालकांनी चष्मा काढून हातात घेतला. "मागची राख तेवढी न्हेऊ का?" मालक मनाचे मोठे, त्यांनी दुसऱ्याच दिवशी ट्रॉली भरून पाठवली. आता ट्रॉली कुठं आणि केव्हा रिकामी करावी याला काही विचार? जुळे सोलापुरातली त्यांची गल्ली, चैत्रातली दुपार, भणभण वारा, आणि घराघराच्या गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या! अर्ध्या तासात सगळी गल्ली पांढरीफेक झाली. अक्का घरोघर हात जोडत फिरली. तिच्या मागोमाग दाजी केरसुणी आणि घमेलं घेऊन फिरले, आणि "तुमाला नगं आसंल तर न्हेतो" असं म्हणत लोकांच्या अंगणातली राख झाडून परत घेऊन आले. गल्लीतल्या बायका आधी चिडल्या आणि मग हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्या वर्षीच्या कुरडया खाताना दातांत कचकच यायची. पण दाजींवर राग धरणं कुणालाच जमलं नाही.

ट्रॉली संपली आणि दाजी शहर धुंडाळायला लागले. त्यांच्या घरापासून जवळच कडक भाकरी करून विकणाऱ्या एक मावशी आहेत. दिवसभर चार चुली धडधडत असतात. दाजी रोज सकाळी जाऊन त्या चारी चुली साफ करून देतात, फुकट. मावशींना पहिले काही दिवस संशय आला. "तुमी नक्की काय शोधताय वो राखेत? कुनाचं काय हरवलंय?" त्यांनी विचारलं. मग माणूस कळल्यावर त्या म्हणायला लागल्या, "आसा जावई मला मिळाया पायजे हुता." हिवाळ्यात मोहोळकडं दाजींच्या चुलतभावाच्या रानात हुरड्याचं बोलावणं असतं. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, तळहातावर चोळायची, शेंगाच्या चटणीशी खायची. माणसं त्या चवीसाठी लांबून येतात. दाजी आगटीकडं बघत बसतात. एका वर्षी यजमानांनी आगटी विझायच्या आत तिच्यावर पाणी मारलं, तर दाजी तिथून न जेवता उठले. ओल्या राखेचा कस जातो म्हणे. आयुष्यात एवढं एकदाच रुसले.

अक्कलकोटच्या बसमधली गोष्ट तर मी स्वतः पाहिलेली. दर्शन झालं, खानावळीत जेवलो, आणि खानावळवाल्याच्या चुलीतली राख घेऊन आम्ही परत निघालो. पिशवी दाजींच्या मांडीवर. शेजारच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई होत्या, अर्धं कानडी आणि अर्धं मराठी बोलणाऱ्या. पिशवीचं तोंड जरा उघडं होतं. बाईंनी आत पाहिलं, भक्तिभावानं हात जोडले, चिमूट घेतली आणि कपाळाला लावली. दाजी घाबरे झाले. "आवो बाई, अंगारा न्हाय ह्यो! खानावळीची राख हाय!" बाई शांतपणे म्हणाल्या, "असू दे की. स्वामींच्या गावचंच आहे ना?" झालं! मागच्या बाकावरून हात आले, पुढच्या बाकावरून हात आले, कंडक्टरनं टोपी काढून कपाळ पुढं केलं. दाजी प्रत्येकाला जीव तोडून खरं सांगत होते आणि प्रत्येकजण त्यांच्या विनयाचं कौतुक करत होता. सोलापूर येईपर्यंत पिशवी निम्मी झाली. खाली उतरल्यावर दाजी पिशवीकडं बघून म्हणाले, "एवढ्यात दोन लिंबं पोसली आसती."

एवढी राख जमवून करायचं काय, तर वाटायची. वस्त्रगाळ करून, म्हणजे जुन्या पंच्यातून चाळून, पिशव्यांत भरून, वर चिठ्ठी लावून. माझ्या वास्तुशांतीला लोकांनी घड्याळं आणली, देवांच्या तसबिरी आणल्या. दाजींनी पाच किलोची पिशवी आणली, लाल रिबीन बांधलेली, वर हळदकुंकू लावलेलं. चिठ्ठीवर त्यांच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं : 'बाभूळ. चाळलेली. झाडांसाठी.' आणि खाली लाल शाईनं, 'खाऊ नये.' मी म्हटलं, "दाजी, हे कशाला लिहायचं?" ते म्हणाले, "तुमच्याकडं शिकल्याली मान्सं. काय सांगावं?" मग कृती सांगितली. दर गुरुवारी एक मूठ, बुंध्यापासून वीतभर लांब, गोल फिरवून. गुरुवारीच का? "आठवन ऱ्हाती म्हून." त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी एक पिशवी येत राहिली. आले की पहिला प्रश्न, "टाकताय न्हवं?" मी म्हणायचो, "टाकतो की." मग आमच्या जास्वंदीपुढं कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. ती बापडी भरभरून फुललेली असायची. दाजींच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं की मला वाटायचं, या माणसाला आणखी काय द्यायचं राहिलंय? त्यांच्या गल्लीतल्या दहा-बारा घरांत हाच प्रकार. सगळ्यांना पिशव्या, सगळ्यांना गुरुवार, आणि सगळ्यांचं उत्तर एकच, "टाकतो की, दाजी." तोवर दाजी सगळ्या गल्लीचेच दाजी झाले होते.

आता अक्काच्या मोगऱ्याचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे. आमची आई जेऊरला राहायची. ती गेल्यावर तिथलं घर विकायचं ठरलं आणि आम्ही भावंडं एकेक वस्तू घेऊन निघालो. कुणी हंडा घेतला, कुणी पाटा, मी आईची शिलाई मशीन घेतली, जी मला चालवता येत नाही. अक्कानं परसातला मोगरा मुळासकट काढला, ओल्या मातीचा गोळा कळशीत बसवला, आणि जेऊर ते सोलापूर रेल्वेत ती कळशी मांडीवर धरून आली. आईनं सासरी आल्या वर्षी लावलेला मोगरा तो. अक्काच्या अंगणात तो धरला. उन्हाळा लागला की टपोरी फुलं यायची. अक्का गजरा करून ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या बायकोला पाठवायची, आणि आमच्या घरात दोन दिवस आई आल्यासारखं वाटायचं.

दोन वर्षांमागं त्या मोगऱ्याची पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं. दाजींनी चष्मा लावून पाहिलं आणि निदान केलं, "राख कमी पडली." अक्का एका मुठीच्या दोन टाकायला लागली. पानं आणखी पिवळी पडली. कडा करपल्या, शेंडे वाळले. दोनाच्या तीन झाल्या. त्या उन्हाळ्यात कळ्या धरल्या त्या बारीक खड्यासारख्या होऊन गळून गेल्या. गजरा आला नाही. मी अक्काकडं गेलो तर ती मोगऱ्यापाशी बसली होती. तिनं तक्रार केली नाही, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. बुंध्यावर हात ठेवून एवढंच म्हणाली, "आईचं एवढंच ऱ्हायलं हुतं रे माझ्याकडं."

इथं माझा व्यवसाय सांगायला हवा, आणि सांगायची लाज वाटते. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दर वर्षी मुलांना राखेचं पाणी करायला लावतो, त्यात तांबडा लिटमस बुडवायला लावतो, आणि तो निळा झाला की विचारतो, "म्हणजे राख कशी?" पोरं एका सुरात ओरडतात, "अल्कधर्मी!" एवढी वर्षं हे ओरडणं ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. त्या दिवशी पडला. मी अक्काच्या नकळत मोगऱ्याखालची माती एका पिशवीत भरली आणि माती तपासायच्या प्रयोगशाळेत नेऊन दिली. निकाल घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या तरुण बाईंनी आधी मातीकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. "सर, एवढी राख कुणी टाकली?"

मग त्यांनी नीट समजावलं. आपल्या सोलापूरची काळी माती मुळातच चुनखडीची, बोअरचं पाणी खारट. मातीचा आंबटपणा-अल्कपणा ज्या आकड्यात सांगतात तो 'सामू' आपल्याकडं आधीच चढलेला असतो. त्यावर राख म्हणजे आणखी चढता. मातीत लोह असतं, पण झाडाला ते घेता येत नाही. ताट वाढलेलं आहे आणि दातखीळ बसलीय. "राख वाईट नसते हो," त्या म्हणाल्या. "कोकणातल्या तांबड्या, आंबट मातीत हीच राख झाडांना मानवते. फक्त आपल्याकडं नको." उपाय सांगितले : वरची माती काढा, शेणखत आणि कुजलेला पाला भरा, थोडा हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, द्या, वाट बघा.

हे दाजींना सांगायचं कुणी? दोन दिवस मी टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन गेलो. दाजी अंगणात राख चाळत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "सामू म्हंजे?" मी लिटमसपासून सगळं सांगितलं. ते उठले, मोगऱ्यापाशी गेले, चिमूटभर माती उचलून जिभेच्या शेंड्यावर ठेवली. डोळे मिटले. मग म्हणाले, "खरं हाय. राखंचीच चव हाय ही. मातीची न्हाय." तिथंच मांडी घालून बसले आणि खुरपं न घेता हातांनी वरची माती काढायला लागले. मुळं दुखावतील म्हणून बोटांनी चाचपत, एकेक मूठ. मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "तुमी सरा बाजूला. माझं मी काडतो."

पण खरा धसका त्यांना नंतर बसला. हात धुताना मधेच थांबून म्हणाले, "मेव्हणं, आन् बाकीच्यांची झाडं?" चेहरा उतरला. दहा-बारा घरं! इतक्या वर्षांचे गुरुवार! "सगळ्यांचा घात केला की वो मी." तशाच ओल्या हातांनी त्यांनी रिकामी पोती काखेत मारली, मला स्कूटर काढायला लावली, आणि आम्ही राख परत मागायला निघालो.

पहिलं घर शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंचं. दाजी दारातच हात जोडून म्हणाले, "बाई, चुकलं माझं. राख टाकू नगा. टाकल्याली काडून देतो." बाई गोंधळल्या. आत गेल्या आणि माळ्यावरून पिशव्या घेऊन आल्या. चार पिशव्या, चारी रिबिनी जशाच्या तशा. "टाकलीच नव्हती हो दाजी," त्या ओशाळून म्हणाल्या. "तुम्ही एवढ्या प्रेमानं आणायचात. नको म्हणवेना." दुसऱ्या घरी राख तुरीच्या डाळीला किडे लागू नयेत म्हणून डब्यात गेली होती. तिसऱ्या घरी मुंग्यांच्या वारुळावर. चौथ्या घरी मोरीपाशी, भांड्यांना. "लई झकास निघतात बरं का भांडी, दाजी!" प्रत्येक दारात दाजींचा चेहरा उजळत चालला. प्रत्येक दारात ते "टाकली न्हाय? खरंच टाकली न्हाय?" असं दोनदोनदा विचारायचे आणि लहान पोरासारखे हसायचे. गल्लीच्या टोकाला येईपर्यंत तर स्कूटरवर मागं बसून माझ्या पाठीवर थापा मारत होते. "वाचली की वो सगळी! एकानं बी माझं ऐकलं न्हाय, बगा! लई बरं झालं!" स्वतःचा शब्द कुणी मानला नाही म्हणून इतका आनंदलेला माणूस मी पाहिलेला नाही.

शेवटी माझं घर. बायकोनं सिंकखालून पिशव्या काढल्या. एक-दोन दिवाळीत पितळी समया घासताना वापरलेल्या, बाकीच्या बंद. वास्तुशांतीचीही त्यात होती, हळदकुंकू सुकलेलं. मी मान वर केली नाही. एवढी वर्षं "टाकतो की" म्हणत आलो होतो, त्या जास्वंदीपुढं त्यांना उभं करून कौतुक ऐकत आलो होतो. दाजी मात्र हसत हसतच पायरीवर टेकले, पाणी मागितलं, पेला ओठाला लावला. आणि तिथंच हसू विरलं. पेला तसाच हातात राहिला.

"म्हंजे टाकत हुती ती एकटी तुमची अक्का," ते म्हणाले.

बायको आत निघून गेली.

संध्याकाळी आम्ही पोती घेऊन अक्काकडं परतलो. ती देवापाशी दिवा लावत होती. दाजी दारातच उभे राहिले. "सगळ्या गल्लीनं माळ्यावर टाकली माझी राख," ते म्हणाले, "आन् तू एकटी कशापायी माझं ऐकत बसलीस गं? झाड पिवळं पडताना दिसत हुतं न्हवं तुला?" आवाजात राग होता, आणि तो तिच्यावर नव्हता. अक्कानं वात सारखी केली. मागं न बघता म्हणाली, "दिसत हुतं की. पन तुमी म्हनला ना, राख कमी पडली म्हून. मग मी आनि कुनाचं ऐकायचं?"

मोगरा वाचला हे आता सांगूनच टाकतो, तुम्हाला उगाच टांगून ठेवण्यात अर्थ नाही. पूर्वीसारखा भरगच्च नाही झाला. एक फांदी कायमची गेली. पण या उन्हाळ्यात फुलला. गोळा केलेली राख पोत्यांत तशीच पडून आहे आणि आपलं कुणी पाव्हणं कोकणात आहे का, याचा दाजी अजून शोध घेताहेत. भाकरीवाल्या मावशींच्या चुली ते आजही साफ करतात, फक्त राख तिथंच भांड्यांसाठी ठेवून येतात. एक गोष्ट मात्र बदलली. दाजी छातीठोकपणे काही सांगेनासे झाले. लग्नात गेले तर पंगतीत बसतात. माझ्याकडं आले तर जास्वंदीकडं बघून "बरी हाय" एवढंच म्हणतात. मला त्यामुळं फार चुकल्या-चुकल्यासारखं होतं. "टाकताय न्हवं?" असं त्यांनी एकदा विचारावं म्हणून मी वाट बघतो. खरंच सांगतो, आता विचारलं तर मी टाकीनसुद्धा, झाडाचं काय व्हायचं ते होवो.

पण मला सांगायचंय ते माती बदलल्यानंतरच्या आठवड्यातलं. मी सकाळी चहाला गेलो होतो. मोगऱ्याला चार पानं उरलेली. दाजी घरातून तांब्या घेऊन आले आणि अंगणात घुटमळत राहिले. तांब्यात ताक होतं. अक्का उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. दाजींनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "आंबट ताक द्यावं मुळाला, आसं मला आपलं वाटतंय," ते चाचरत म्हणाले. "पन माझं काय खरं न्हाय. नगंच. आधी त्या तपासणीवाल्या बाईस्नी इचारू. मेव्हणं, तुमी फोन लावा, मग बगू."

मी फोन काढत होतो. अक्का उठली, सूप बाजूला ठेवलं, दाजींच्या हातातला तांब्या घेतला आणि सगळा मोगऱ्याच्या मुळाशी ओतला. मग रिकामा तांब्या त्यांच्या हातात परत देत म्हणाली, "उद्या बी आणा."